रॉक गाण्यांच्या सुरुवातीच्या रिफ – तुमच्या डोक्यात कायमची बसलेली कोणती?

बर्डीवाला

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो. (रिफ म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा फिरणारी ती छोटी, ओळखीची धून.)

नागपूर, १९९६ चा मे महिना. दहावीची परीक्षा झालेली, बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, घरात कुलर घरघरतोय आणि खसाचा ओला वास. धरमपेठेतल्या मित्राच्या मोठ्या भावाकडून एक कॅसेट आणली होती. टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि डीप पर्पल या बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर' सुरू झालं. आधी एकटी गिटार. मग तिला ऑर्गन आणि हायहॅट (ड्रमसेटवरची झांजांची जोडी) येऊन मिळाले, मग ड्रम्स, मग बास. गाणारा तोंड उघडायच्या आत मी कॅसेट मागे घेऊन तीनदा तेवढंच ऐकलं होतं.

त्याच सुट्टीत बर्डीवरून एक साधी गिटार घेतली आणि एकाच तारेवर ती रिफ बसवली. पडद्यांचे आकडे: शून्य, तीन, पाच. शून्य, तीन, सहा, पाच. पुढे कॉलेजात पिक (तार छेडायची चकती) धरून, पॉवर कॉर्डमध्ये (दोन स्वर एकदम), मोठ्या आवाजात वाजवली. ऐकणारे लगेच ओळखायचे. तरी माझं वाजवणं आणि कॅसेटवरचं यात काहीतरी फरक राहायचाच. वीसेक वर्षं मला वाटत होतं, अँप्लिफायर चांगला नाही.

मागच्या महिन्यात डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याच्या उजव्या हाताकडे नीट बघितलं. पिक नाहीच! दोन शेजारच्या तारा तो अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून एकदम उचलतो. पिकने मारलं की आधी जाड तार वाजते, मग बारीक. मधलं अंतर पापणी लवण्याएवढंही नाही, पण कानाला ते कळतं. चिमटीत दोन्ही स्वर एका क्षणी सुटतात. शिवाय दोन स्वरांमधलं अंतर चौथ्याचं (सा ते म एवढं) आहे, आपण सगळे वाजवतो तसं पाचव्याचं (सा ते प) नाही. रात्री साडेअकराला, अँप न लावता, चौथी आणि तिसरी तार चिमटीत धरून वाजवली आणि कॅसेटवरचा आवाज माझ्या मांडीवर आला.

या गाण्यामागची हकिगत बहुतेकांना ठाऊक असेल. ४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, कसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना कोणीतरी छताकडे फ्लेअर (जळता इशाऱ्याचा बाण) सोडली आणि अख्खी इमारत जळाली. डीप पर्पल तिथेच रेकॉर्डिंगसाठी आलेले. तळ्यावर पसरलेला धूर त्यांनी डोळ्यांनी बघितला. रिफचं मूळ रेकॉर्डिंग गावातल्या दुसऱ्या एका थिएटरात रात्री झालं. आवाजाने शेजारी वैतागले, पोलीस आले, आणि टेक पूर्ण होईस्तोवर बँडच्या माणसांनी दारं आतून धरून ठेवली. अल्बम 'मशीन हेड', १९७२.

तर धाग्याचा विषय: गाणं सुरू होताक्षणी पकडणारी रिफ. सुरुवातीचीच, मधली नको. नुसतं नाव टाकू नका. ती का बसली ते सांगा, हाताला किंवा कानाला काय जाणवलं ते सांगा.

---

धंतोलीची_सरिता

मी गाणं शिकवते, रॉक फारसं ऐकलेलं नाही. पण तुमचं चिमटीचं वर्णन वाचून मुलाकडून ते गाणं लावून घेतलं आणि पेटी पुढ्यात ओढली. पांढरी पाच (पेटीची पाचवी पांढरी पट्टी) सा धरला तर तुमची रिफ अशी येते:

सा ग॒ म – सा ग॒ म॑ म – सा ग॒ म ग॒ सा

ग कोमल आहे. दुसऱ्या ओळीत तीव्र मध्यमाला नुसता स्पर्श करून लगेच शुद्ध मध्यमावर उतरतात. दोन मध्यम असे लागून आले की आम्हाला ललित आठवतो. बाकी ललितशी याचा संबंध नाही, पण तो चटका मात्र त्याच जातीचा. त्या एका स्वरामुळे हे डोक्यात राहतं असं मला वाटतं. तो काढून नुसतं सा ग॒ म तीनदा वाजवून बघा, पाचव्या मिनिटाला विसराल.

आणि ते "चौथ्याचं अंतर" म्हणालात ना, ते पेटीवर तपासलं. सा वाजतो तेव्हा खाली मंद्र पंचम वाजतोय. प आणि सा! अहो, ही तर तानपुऱ्याची पहिली आणि दुसरी तार. पुढे कोमल ग च्या खाली कोमल नि, म च्या खाली सा. म्हणजे तानपुऱ्याची जोडी उचलून तशीच वर-खाली सरकवली आहे. मला फार गंमत वाटली.

---

बर्डीवाला

सरिताताई, अंगावर काटा आला. गिटारची चौथी तार उघडी वाजवली तर डी, तिसरी उघडी वाजवली तर जी. पांढरी पाचचा सा म्हणजे जी. म्हणजे मी त्या रात्री डाव्या हाताचं बोटही न लावता ज्या दोन तारा छेडल्या त्या मंद्र प आणि सा होत्या. तीस वर्षं वाजवतोय, हे कधी सुचलं नाही.

---

इतवारीचा_पोट्टा

भाऊ, मी सांगून राहिलो, एसी/डीसी बँडचं 'बॅक इन ब्लॅक'. विषय संपला.

काहून? तर त्याच्यात जे वाजत नाही ते लई मोठं आहे. आधी हायहॅटवर मोजणं, मग धाड्कन एक कॉर्ड. मग थांबला. दुसरी. थांबला. तिसरी, अन् मधात ती छोटीशी उतरणारी तान. त्या थांबण्यात आपलं डोकं आपोआप हलते, कोणी सांगाची गरज नाही पडत. पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीत ढोलवाले एकदम हात रोखतात ना, अन् पूर्ण गर्दी त्या एका सेकंदात वर पाहते, तसं.

अन् हे पण ध्यानात घ्या. फेब्रुवारी १९८० मंदी त्यांचा गायक बॉन स्कॉट गेला. जुलैत हा अल्बम आला, नवा गायक घेऊन. काळं कव्हर. दुःखाचा अल्बम, पण रडगाणं नाही. माल्कम यंगची रिफ आहे, तो सोलो वाजवणाऱ्या अँगसचा मोठा भाऊ, मागं उभा राहून रिदम वाजवणारा. लोक अँगसकडेच पाहत राहतात. मले माल्कमचा उजवा हात जास्त आवडते.

---

प्रेसशॉप_हिंगणा

मी हिंगणा एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये काम करतो, बावीस वर्षं झाली. माझं उत्तर ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी. गाणं 'ब्लॅक सॅबथ', १९७०, पहिल्या अल्बममधलं पहिलं. पाऊस, घंटा आणि मग ते तीन स्वर.

आयोमी सतरा वर्षांचा होता, बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरी सोडण्याचा शेवटचा दिवस. त्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताची मधलं बोट आणि अनामिका, दोन्हीची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. तो गिटारवाला आगीत हात भाजल्यावर दोनच बोटांनी सोलो वाजवायचा. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, घासून आकार दिला, वर चामडं चिकटवलं. तारा बोचायच्या म्हणून बारीक तारा लावल्या. तेव्हा तशा मिळत नव्हत्या तर बँजोच्या वापरल्या. पुढे सूरही खाली उतरवला, म्हणजे तार ढिली पडते आणि दाबायला सोपी जाते. तो जड, खोल आवाज, ज्याच्यावर पुढे अख्खं हेवी मेटल उभं राहिलं, त्यात या सगळ्याचा वाटा आहे.

माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीचं पेर २००९ मध्ये गेलं. त्या वेळी मशीनचं गार्ड काढून ठेवलेलं होतं, उत्पादन वाढावं म्हणून. कुठे ते लिहीत नाही. महिनाभर घरी होतो तेव्हा पुतण्याने हे गाणं मोबाइलवर लावलं आणि मग त्या माणसाची गोष्ट सांगितली. बाकीच्यांना त्या रिफमध्ये भुताखेताची भीती ऐकू येते. मला मशीन ऐकू येते. खाली येणारी प्रेस, वर जाणारी प्रेस आणि मधली घरघर. मी गिटार वाजवत नाही. पण ही रिफ मला पाठ आहे.

---

धंतोलीची_सरिता

प्रेसशॉप दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

ते तीन स्वर ऐकले: सा, तार सा, आणि मग तीव्र मध्यम. हाच तीव्र मध्यम यमनमध्ये किती गोड लागतो! पण तिथे त्याला आजूबाजूला गंधार, पंचम, निषाद असतात. इथे षड्जावरून थेट त्याच्यावर आणून सोडलं आहे आणि तो थरथरत ठेवला आहे. घर दिसतंय पण दार नाही, असं होतं. माझ्या एका विद्यार्थिनीला फक्त सा आणि म॑ लावून ऐकवलं तर म्हणाली, "ताई, पुढचा स्वर लावा ना." तो लागत नाही, म्हणूनच बेचैनी.

---

कोन_दुरुस्ती

मी स्पीकर आणि अँप्लिफायर दुरुस्त करतो. गणपती-दुर्गेच्या दिवसांत मंडळांचे फाटलेले स्पीकर माझ्याकडे येतात. कोन फाटला की आवाज भुर्र होतो, लोक म्हणतात "खराब झाला". म्हणून मला 'यू रिअली गॉट मी' फार जवळचं. १९६४, किंक्स हा बँड. त्यांचा गिटारवाला डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अँपच्या स्पीकरचा कोन ब्लेडने मुद्दाम कापला. आपण जो बिघाड दुरुस्त करायला पैसे घेतो तो त्याला हवा होता! दोन कॉर्डची रिफ आहे, पण त्या फाटक्या आवाजाशिवाय ती काहीच नाही.

आणि 'सॅटिस्फॅक्शन', १९६५. रोलिंग स्टोन्सचा गिटारवाला कीथ रिचर्ड्सला ती रिफ झोपेत सुचली. उशाशी कॅसेट रेकॉर्डर होता. सकाळी बघतो तर थोडी गिटार आणि पुढे टेप संपेपर्यंत त्याचं घोरणं. स्टुडिओत त्याने फझ पेडल (गिटारचा आवाज घरघरता करणारा डबा) वापरलं ते ब्रास सेक्शनची जागा धरून ठेवायला. त्याला तिथे खरी ट्रम्पेट-सॅक्सोफोन हवी होती. बाकीच्यांनी तसंच बाजारात आणलं. (ऑटिस रेडिंगने नंतर ब्रासवरच वाजवून दाखवली, तीही ऐका, जबरदस्त आहे.)

ते पेडल कुठून आलं? नॅशव्हिलमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि बासचा सोलो घरघरत बाहेर पडला. तिथल्या इंजिनिअरने तो बिघाड फेकून न देता त्याचं सर्किट बांधलं आणि गिब्सनने १९६२ मध्ये तो डबा बाजारात आणला. तीन वर्षं फारसं कोणी विचारलं नाही. 'सॅटिस्फॅक्शन' वाजलं आणि दुकानांतले डबे संपले.

ट्रान्झिस्टरला झेपतो त्याहून मोठा सिग्नल दिला की लहरीचे वरचे-खालचे गोल माथे सपाट कापले जातात. गोल लाटेची चौकोनी लाट होते, त्यातून मूळ स्वराच्या वरचे कितीतरी उपस्वर निघतात, आणि स्वर लांबतोसुद्धा. म्हणून एकच तार वाजवली तरी ती भरगच्च वाटते. ऑसिलोस्कोपवर हे रोज बघतो आणि दर वेळी बरं वाटतं.

---

रूपक_सात

तबलावाला आहे. माझी निवड 'मनी', पिंक फ्लॉइड, १९७३.

आधी नाणी आणि गल्ल्याचे आवाज. रॉजर वॉटर्सने पत्नीच्या मातीकामाच्या खोलीत एका मोठ्या भांड्यात नाणी टाकून ते रेकॉर्ड केले. मग टेपचे तुकडे मोजून कापले, सारख्या लांबीचे, आणि जोडून गोल फिरवले. सात आवाज, सात मात्रा. त्याच्यावर बासची रिफ येते, तीही सातातच.

आपल्याला सात मात्रा नव्या नाहीत. ती ती ना धी ना धी ना. रूपकाची मजा अशी की समेवरच खाली आहे. पहिल्या मात्रेला डग्गा बंद. 'मनी' मात्र पहिल्या मात्रेवर ठामपणे बसतं. मी हाताने रूपक धरून ऐकलं तर दोघांचा काटा जुळतो पण वजन उलट पडतं, आणि ते फार सुंदर वाटतं. पुढे गिटारच्या सोलोला ते सरळ चारात जातात, म्हणजे आपण रूपकातून केरव्यात आल्यासारखं. अंग मोकळं होतं. मग परत सात.

आता मूळ मुद्दा. धाग्यावर सगळे रिफचं वर्णन करताय, पण आपल्याकडे तिला शब्द आहे: लेहरा. तबला सोलोला पेटीवाला किंवा सारंगीवाला तीच ओळ घोळवत बसतो, आवर्तनामागून आवर्तन. तीही छोटी, तीही समेला नेऊन सोडणारी. एवढाच फरक की आपला लेहरा मागे राहतो आणि तबला पुढे बोलतो. रॉकवाल्यांनी लेहऱ्यालाच पुढे आणून बसवला आणि गाण्याला त्याच्यावर स्वार केलं.

---

बर्डीवाला

रूपक दादा, हे मी वहीत लिहून ठेवलं. गिटार शिकणाऱ्या पोरांना रिफ समजावताना "ओळख धून" म्हणायचो, कधी "मुखडा". मुखडा म्हणणं चुकीचंच होतं, मुखड्याला शब्द असतात आणि तो सारखा फिरत नाही. लेहरा हाच शब्द.

---

व्हीएनआयटी_मेस

वय एकोणीस, धाग्यात सगळ्यात लहान मीच असेन. 'स्वीट चाइल्ड ओ माइन', १९८७. गन्स एन रोझेसचा गिटारवाला स्लॅश बोटांचा व्यायाम म्हणून तारा ओलांडत वाजवत होता, बाकीच्यांनी खाली कॉर्ड जोडले आणि गाणं झालं. मी हॉस्टेलला आठ दिवसांत बसवलं; उजव्या हाताने तारा ओलांडणं हेच अवघड, डावा हात सोपा आहे.

'सेव्हन नेशन आर्मी'चा बास पण भारी आहे.

---

इतवारीचा_पोट्टा

भाऊ तो बास नाही! त्या बँडमंदी, व्हाइट स्ट्राइप्समंदी, बासवालाच नव्हता, दोघंच जण, गिटार अन् ड्रम्स. जॅक व्हाइटनं गिटारच पेडलवर एक सप्तक खाली उतरवली. २००३ चं गाणं. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात इटलीच्या लोकांनी उचललं अन् आता शब्द माहीत नसलेले लोक बी "ओ ओ-ओ ओ ओ ओ" करतात. जामठ्याच्या स्टेडियमले क्रिकेट मॅचमंदी ओव्हरच्या मधात वाजलं होतं, माह्या बाजूच्या काकांनी पण धरलं.

---

रामदासपेठ_जुने

वय ७१. आमच्या वेळी रेडिओ सिलोन आणि शॉर्टवेव्ह. सुई अर्धा केस सरकली की स्टेशन गेलं, म्हणून गाण्याचे पहिले चार सेकंद मिळाले तर मिळाले. मी 'जॉनी बी. गुड' असंच पकडलं होतं. सुरुवातीची गिटार ऐकू आली आणि पुढे नुसती खरखर. पूर्ण गाणं पुढे कित्येक वर्षांनी ऐकलं. पण ते चार सेकंद तोपर्यंत माझेच झाले होते.

चक बेरी, १९५८. त्या सुरुवातीचं मूळही त्याच्या आधीचं आहे: १९४६ मध्ये लुई जॉर्डनच्या एका गाण्यात कार्ल होगन नावाच्या गिटारवादकाने जवळपास तेच वाजवलेलं आहे. बेरीने ते मोकळेपणी सांगितलं. त्याने त्यात वेग आणि धार आणली. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यात हे गाणं आहे.

---

धंतोलीची_सरिता

आणि काका, त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. दोघंही सूर्यमालेच्या बाहेर एकत्र चाललेत.

---

सक्करदरा_जिल

थोडा वेगळा सूर लावतो. मला वाटतं रिफला आपण जरा जास्तच मान देतोय. गाणं शेवटी आवाजाचं असतं. आणि रिफच म्हणायची तर 'दम मारो दम' घ्या ना, १९७१, भूपिंदर सिंगची गिटार. ती दोन सेकंदांत ओळखू येते, पण लक्षात आशाबाई राहतात. लंडन-बर्मिंगहॅमला कशाला जायचं?

---

बर्डीवाला

जिलभाऊ, 'दम मारो दम' मान्य, शंभर टक्के. ती सुरुवात ऐकली की मी आजही हातातलं काम थांबवतो.

पण आवाजाबद्दल मला असं वाटतं. आवाज उसना घेता येत नाही. आशाबाईंसारखं गाणं मला या जन्मात जमणार नाही. रिफ मात्र देता-घेता येते. दहावीच्या पोराला एका तारेवर, एका दुपारी, घामेजल्या बोटांनी ती मिळते. अर्धी चुकीची मिळते, तरी तीच असते. मला तीस वर्षं चुकीची मिळालेली होती आणि त्या तीस वर्षांत तिने माझी सोबत सोडली नाही. म्हणून मी तिला मान देतो.

---

कोन_दुरुस्ती

+१. माझ्या दुकानात पोरगं अँप तपासायला गिटार लावतं तेव्हा दहातले सात जण 'स्मोक ऑन द वॉटर'च वाजवतात. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

---

बर्डीवाला

परवाच्या रविवारचं सांगायचं राहिलं.

सरिताताईंनी घरी बोलावलं होतं. प्रेसशॉप दादा हिंगण्याहून आले, रूपक दादा तबला घेऊन. तर्री पोहे झाले. मी छोटा अँप नेला होता, पण नेमकी लाइट गेली. ताई म्हणाल्या, तसंच वाजवा. त्यांचा तानपुरा पांढरी पाचलाच लावलेला होता. त्या त्याच सुरात गातात. त्यांच्या विद्यार्थिनीने तो छेडायला सुरुवात केली. मी चौथी आणि तिसरी तार चिमटीत धरली.

पहिल्या स्वराला गिटार ऐकूच आली नाही. तानपुऱ्यात विरघळून गेली, तेच प, तोच सा. मी वाजवतोय की नाही, म्हणून मी माझ्याच बोटांकडे बघितलं. दुसऱ्या-तिसऱ्याला ती बाहेर आली. सहाव्या पडद्यावर गेलो, वर तीव्र मध्यम, खाली कोमल रे, आणि मागे तानपुऱ्याचा सा चालूच. तेव्हा ती मुलगी छेडता छेडता मान वर करून माझ्याकडे बघू लागली. मग पाचव्या पडद्यावर उतरलो, तशी तिची मान खाली गेली.

रूपक दादांनी केरवा धरला. आम्ही बहुतेक वीस मिनिटं तेवढंच वाजवत होतो. प्रेसशॉप दादा भिंतीला टेकून, डोळे मिटून, गुडघ्यावर ताल देत बसले होते. लाइट आली तेव्हा पंखा फिरायला लागला, अँप लावायला कोणीच उठलं नाही.

---

प्रेसशॉप_हिंगणा

पुढच्या रविवारी सेकंड शिफ्ट आहे, सकाळी मोकळा आहे. ताई, ते सा आणि तीव्र मध्यमवालं पण वाजवायचं का?

---

धंतोलीची_सरिता

या दहापर्यंत. तानपुऱ्याची प ची तार तेवढी मध्यमाला उतरवून ठेवते, नाहीतर पंचम मध्ये येईल.